तळाशी, डाव्या कोपऱ्यात

मनामाच्या बाजारामागे, सोनारांच्या गल्लीला लागून
एक मत्बआ होता. मत्बआ म्हणजे छापखाना,
इथे उतरल्यावर शिकलेला माझा पहिला शब्द.
दुसरा : बुकरा. म्हणजे उद्या.
छापखान्यात या दोन शब्दांवर वर्ष निघतं.

पाष्टे तेव्हा निवृत्तीला टेकलेले.
गुहागरकडचे, काटकुळे,
उजव्या अंगठ्याचं नख काळं,
शाईनं नव्हे, म्हणायचे, शाई जाते. हे शिसं.
अरबी त्यांना धड बोलता यायची नाही.
जुळवता यायची.

"सोपं असतं रे.
आपलं अक्षर वरच्या रेघेला लोंबतं,
त्यांचं खालच्या रेघेवर बसतं.
पण स्टिकमध्ये खिळे डोक्यावर उभे.
तिथे आपलं बसतं, आणि त्यांचं लोंबायला लागतं
वलणीवरच्या कपड्यांसारखं.
मग मला काय परकं वाटणार?"

एकेका अक्षराला चार घरं :
शब्दाच्या सुरुवातीचं, मधलं, शेवटचं,
आणि एकटं राहणाऱ्याचं.
ते चौथं घर केसच्या कडेला.
"ही आमची कॅम्पातली खोली," ते म्हणत
आणि हात न बघता तिथे जाई.

येताना बोटीवर चंचीत एक खिळा आणला होता म्हणे.
बंदरावरच्या शिपायाला वाटलं, छर्रा.
कुठला खिळा, ते मी विचारलं नाही.
मी तेव्हा चोविशीत होतो, घाईत होतो.

आधी ट्रेडल, पायानं चालणारी.
मग हायडेलबर्ग, दम्याच्या माणसासारखी
एकेक कागद ओढून घेणारी.
मग चाररंगी ऑफसेट. तिच्या खोलीला एसी लागला,
कागदासाठी. ऑगस्टच्या दमटीत कागद फुगतो,
लाल निळ्यावरून सरकतो.
माणसं फुगत नाहीत, त्यांना पंखा.
शमाल सुटला की रोलरवर वाळूचा एखादा कण
आणि हजार पत्रकांवर तोच पांढरा ठिपका,
इमानानं.

खिळे किलोवर गेले.
मुहर्रकच्या एका कोळ्यानं नेले, वितळवून
जाळ्याचे गुंडे केले.
मला वाटलं, पाष्ट्यांना लागेल.
"बरं झालं," म्हणाले,
"गुहागरलाही शिसं त्यालाच लागतं."

आता माझं मशीन. प्लेट नाही, फर्मा नाही,
बटण दाबलं की निघतं, कोमट.
गेल्या महिन्यात मोत्यांच्या दुकानाचा जाफर आला.
आजोबांच्या वेळची एक पावती, पिवळी पडलेली,
त्याला भिंतीवर हवी होती, आठ फूट.
रोवेनानं स्कॅन केली. डाग पुसत, घड्या पुसत
खाली आली, थांबली.
"ही घाण आहे की फूल? काढू?"

आठशे टक्के मोठं केलं.
षचं पोट. त्याला बिलगलेला ट.
वर एक मात्रा, टोकाला झिजलेली.
ष्टे.

मी खुर्ची ओढून बसलो.

किती पावतीपुस्तकं, किती लग्नपत्रिका,
रमजानची किती वेळापत्रकं, गलबतांची बिलं,
आणि कुणाकुणाच्या कपाटात आज
हे फूल पडून असेल, घडीत.
मालकाला कळलं असतं तर एका दिवसाचा पगार गेला असता.
किंवा नसताही गेला. त्यालाही नक्षी आवडायची.

"राहू दे," म्हटलं.
"काय आहे पण?"
"प्रेसची खूण."
तिनं खांदे उडवले, फाइल सेव्ह केली.

भिंतीवर चिकटवताना ते तळहाताएवढं झालं होतं.
मी रबरी पट्टीनं हवा काढत राहिलो, तिथे जरा जास्तच.
जाफर मागे उभा. म्हणाला, नक्षी सुरेख आहे,
आजोबा रसिक होते.
होते, म्हटलं.
पैसे?
बुकरा.

निघताना रस्त्यापलीकडून एकदा बघितलं.
सगळी अरबी आपापल्या रेघेवर बसलेली, शांत,
आणि तळाशी, डाव्या कोपऱ्यात
एकच काय ते
लोंबत होतं.